मदत हवी आहे: टेंडन दुखावलेल्या घोडीचं ट्रेनिंग पुढे चालू ठेवावं का?

माझी घोडी ६ वर्षांची आहे, उड्यांचं ट्रेनिंग चालू होतं. ५ आठवड्यांपूर्वी तिच्या पुढच्या डाव्या पायाला, नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मागच्या बाजूला, सूज आली आणि हाताला गरम लागायला लागलं. लंगडत मात्र ती जेमतेम दोन दिवस होती. सोनोग्राफीत टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याच्या, मधोमध काळा डाग दिसला, म्हणजे आतले तंतू तुटलेत.

डॉक्टर म्हणतात, ९ ते १२ महिने लागतील. आधी तबेल्यात विश्रांती, मग हातात धरून मोजून चालवणं, दर थोड्या महिन्यांनी सोनोग्राफी आणि ती बघूनच दुडकी. तिच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीचं (प्लेटलेट जास्त असलेल्या रक्तद्रवाचं) इंजेक्शनही त्यांनी सुचवलंय, पण हमी देत नाहीत. भरून आलेला टेंडन पहिल्यासारखा लवचीक राहत नाही, त्यामुळे पुन्हा तुटायची भीती कायम.

अवघड हे आहे की आता सूज उतरलीय आणि ती अगदी सरळ चालते. ट्रेनर म्हणतात, हळूहळू काम सुरू करू. मला ते पटत नाही. दुखणं थांबतं तेव्हा तंतू जुळलेले नसतात. पण दिवसभर कोंडून ती दाराला लाथा मारते, तेही बघवत नाही.

पीआरपी केलेल्यांना खरंच फरक जाणवला का? कोंडलेल्या घोड्याला शांत कसं ठेवलंत? आणि उड्या कायमच्या बंद करून साध्या रपेटीपुरतंच ठेवायचं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?