ओल्ड ट्रॅफर्ड गेल्यावर नव्या स्टेडियममध्ये जुनं काय काय राहायला हवं?

परळचा रेड:
मंडळी एक विचारायचंय. मार्च २०२५ ला आमच्या मँचेस्टर युनायटेडच्या नव्या स्टेडियमची ती चित्रं आली ना, आर्किटेक्ट फॉस्टरच्या ऑफिसने काढलेली, तीन उंचच्या उंच खांब आणि वर पांघरूण, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर निम्मे जण सर्कसचा तंबू म्हणून हसतायत आणि निम्मे एक लाख सीटांवर खूश आहेत. मी दोन्हीकडे आहे. मोठा क्लब आहे, मोठं घर पाहिजेच, आणि जुन्या ओल्ड ट्रॅफर्डची अवस्था आपण सगळ्यांनी बघितलीय, मे २०२४ ला आर्सेनलच्या मॅचला पाऊस पडला तर छतावरून धबधबा सुरू झाला स्टँडमध्ये, अरे आमच्या चाळीत सुद्धा जूनच्या आधी ताडपत्री टाकतात.

पण चर्चा सगळी खांब किती उंच आणि खर्च किती यावरच चाललीय. दोन अब्ज पाऊंड वगैरे. १९५८ ला म्युनिकला टीमचं विमान पडलं, त्याच्या आठवणीचं ते म्युनिकचं घड्याळ कुठे जाणार यावर कोणी बोलत नाही. दरवर्षी ६ फेब्रुवारीला दुपारी ३ वाजून ४ मिनिटांनी लोक तिथे जमतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८:३४, मी तेव्हा बहुतेक ट्रेनमध्ये लटकलेला असतो आणि फोनवर बघत असतो. २३ माणसं गेली त्या अपघातात, त्यातले ८ प्लेयर, डंकन एडवर्ड्स फक्त २१ वर्षांचा होता. जुने मॅनेजर बस्बींचा पुतळा, बेस्ट-लॉ-चार्ल्टन या तीन प्लेयरांचा पुतळा, मॅनेजर फर्गींचा पुतळा, हे क्रेनने उचलून पलीकडे ठेवता येतील, जागा शेजारचीच आहे. पण स्ट्रेटफर्ड एंड, गोलमागचा आमचा स्टँड, तो कसा उचलणार? आणि साउथ स्टँडच्या मधोमध असलेला, प्लेयर मैदानात यायचे तो जुना टनेल, १९१० च्या मूळ बांधकामातलं तेवढंच उरलंय, त्याचं काय?

तर ज्यांच्या क्लबने स्टेडियम बदललंय त्यांनी सांगा काय जमलं आणि काय फसलं. आमच्या इथल्या ग्रुपतर्फे क्लबला एक मेल पाठवायचा विचार आहे, नुसतं 'वारसा जपा' लिहिलं तर कोण वाचणार, नेमकं काहीतरी मागायचंय.

तोफखाना ठाणे:
त्या पावसातल्या मॅचला आम्ही १-० ने जिंकून गेलो हे लिहायचं राहिलं तुझं, मी लिहून टाकतो.

आता कामाचं. आम्ही आर्सेनलवाल्यांनी २००६ ला जुनं मैदान हायबरी सोडलं, १९१३ पासून तिथे होतो. शेवटची मॅच विगनशी, ४-२, ऑन्रीची हॅटट्रिक आणि खाली वाकून गवताची पापी. मग एमिरेट्सला गेलो, सगळं चकाचक, खुर्च्या मऊ, पाय पसरायला जागा, पण हे घर कोणाचं तेच कळेना. नुसतं काँक्रीट आणि काच. क्लबलाच ते कळायला २००९ उजाडलं. मग बाहेरच्या भिंतींवर आमच्या ३२ दिग्गजांची पाठमोरी चित्रं आली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून अख्ख्या स्टेडियमभोवती उभे आहेत असं, ते खरंच भारी झालं होतं, २०२३ ला ती बदलून नवी लावली. २०११ ला जुने मॅनेजर चॅपमन, कॅप्टन ॲडम्स आणि ऑन्रीचे पुतळे. हायबरीचं मूळ घड्याळ बाहेरच्या बाजूला लावलेलं आणि आत त्याची मोठी कॉपी यायला २०१० लागलं. म्हणजे ज्या स्टँडचं नावच घड्याळावरून पडलं त्या क्लॉक एंडवाल्यांना चार वर्षं आत घड्याळच नाही!

म्हणून माझं ऐकशील तर पहिली मागणी ही ठेव की पहिल्या मॅचच्या दिवशी सगळं जागेवर लागलेलं हवं. 'आधी बांधू, सजवू नंतर' म्हणाले की समज चार-पाच वर्षं गेली.

आणि जुन्या जागेचं पण आत्ताच विचारून ठेव. हायबरीच्या ईस्ट स्टँडची दर्शनी भिंत कायद्याने संरक्षित आहे म्हणून वाचली, मागे फ्लॅट झाले, मैदानाची बाग झाली. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या मधोमध उभी आहे ना, तो प्रकार. चिमणी वाचली याचा आनंद आहेच, पण तिथे सेलची गर्दी असते, कापड कोण विणत होतं ते सांगायला कोणी नसतं.

कोप अंधेरी वेस्ट:
ओल्ड ट्रॅफर्डवरची पहिलीवहिली मॅच १९ फेब्रुवारी १९१०, युनायटेड ३ लिव्हरपूल ४. हे पण न्या नव्या स्टेडियमला, एखादी छान पाटी करून. खर्च आम्ही वर्गणी काढून देतो.

बरं मस्करी बाजूला. म्युनिक आणि हिल्सबरोवर (१९८९ ला त्या मैदानातल्या चेंगराचेंगरीत आमचे ९७ फॅन गेले) जोक नाही, हा आपला नियम आहे आणि तो दोन्हीकडून पाळूया. आमचा अनुभव सांगतो. आम्ही लिव्हरपूलवाले हललोच नाही, नवीन स्टेडियमचे प्लॅन बरीच वर्षं फिरले आणि शेवटी आमचं जुनं ॲनफिल्डच वाढवलं, २०१६ ला मेन स्टँड, नंतर ॲनफिल्ड रोडचा एंड. पण मेन स्टँड वाढवताना हिल्सबरोचं स्मारक होतं तिथून हलवावं लागलं. आधी ते शँकली गेटच्या बाजूला होतं, आता मेन स्टँडला लागून आहे, ९७ नावं, कायम तेवणारी ज्योत. आणि खरं सांगू, आता ते जास्त बरोबर जागी आहे असं मला वाटतं, कारण मॅचला येणारा माणूस त्याच्यासमोरूनच जातो, मुद्दाम वाकडी वाट करावी लागत नाही. तुमच्या घड्याळाचं पण तेच बघा. म्युझियमच्या आत काचेत ठेवलं की संपलं, तिकीट काढणारा टुरिस्ट तेवढा बघेल. रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवं, आणि खाली दोन-तीनशे माणसं शांत उभी राहू शकतील एवढी मोकळी जागा हवी. ती जागा आर्किटेक्टच्या नकाशात आत्ता नसेल तर नंतर तिथे बर्गरचा स्टॉल येतो.

बोरिवलीचा कोंबडा:
स्पर्स फॅन आहे, ट्रॉफीवरून बोलायचं ते बोलून घ्या आणि मग वाचा.

स्टेडियम आमचं या सगळ्यांत भारी आहे, हे आर्सेनलवाला पण दारात उभा राहून मान्य करेल. २०१९ ला उघडलं, आमच्या जुन्या मैदानाच्या, व्हाइट हार्ट लेनच्याच जागेवर बरंचसं. दोन गोष्टी आवडल्या. एक, जुन्या मैदानाचा सेंटर स्पॉट जिथे होता ती जागा नव्या स्टेडियममध्ये साउथ स्टँडच्या आतल्या वाटेवर येते, तिथे जमिनीत खूण केलीय, लोक बिअर घेऊन त्याच्यावरून चालतात आणि नवीन पोराला बाप सांगतो इथून किकऑफ व्हायचा. दुसरं, छतावरचा सोनेरी कोंबडा, आमच्या क्लबचं चिन्ह. मूळ कोंबडा १९०९ चा, नवीन त्याहून खूप मोठा केलाय, पण मूळच्याला आमचा जुना प्लेयर गॅस्कॉइनने एअरगनची गोळी मारून पाडलेला पोचा होता तो पण तसाच्या तसा कॉपी केलाय. याला म्हणतात जपणं. मोठेपणा तर सगळेच जपतात, आपला येडेपणा पण जपला ना त्यांनी.

स्ट्रेटफर्ड एंडबद्दल, आमचा साउथ स्टँड एकाच उताराचा आहे, १७,५०० लोक, मध्ये कॉर्पोरेट बॉक्सची पट्टी नाही. आवाज तिथून उठतो. गोलमागचा स्टँड एकसंध ठेवा असं स्पष्ट मागा, दोन मजल्यांत तोडला की आवाज पण तोडला.

एव्हर्टन माहीम:
मुंबईत एव्हर्टनचा फॅन म्हटलं की लोक विचारतात घरी सगळं ठीक ना. पण या विषयात सध्या बोलायचा हक्क आमचाच आहे, आम्ही आत्ताच शिफ्ट झालोय.

आमचं जुनं मैदान गुडिसन १८९२ चं. पुरुष टीमची शेवटची मॅच १८ मे २०२५, साउथहॅम्प्टनशी २-०, न्डियायचे दोन्ही गोल. ऑगस्टमध्ये नदीकाठच्या डॉकमध्ये नवीन घरात आलो, ५२ हजारांच्या वर क्षमता. गुडिसनला त्या आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या होत्या बघ स्टँडच्या कठड्यावर, आर्चिबाल्ड लीच नावाच्या माणसाची ती सही, तुमचं ओल्ड ट्रॅफर्ड पण त्यानेच काढलेलं. तर नव्या स्टेडियमच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीत तीच नक्षी विणलीय. लांबून नुसती वीट वाटते, जवळ गेल्यावर कळतं. डॉकमधला जुना हायड्रॉलिक टॉवर, रेल्वेचे रूळ, हे पण ठेवलंय. गंमत बघा, हे स्टेडियम डॉकमध्ये उभं राहणार हे लिव्हरपूल शहराचा युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा २०२१ ला जाण्याच्या कारणांपैकी एक होतं, म्हणजे क्लबचा वारसा जपताना शहराचा एक बिल्ला गेला. गोदी बंद पडून ओसाड झाली होती हे पण खरं, मला तरी स्टेडियम झालं तेच बरं वाटतं, पण यावर लोक अजून भांडतात.

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. गुडिसनच्या मैदानाच्या कडेने ८०० च्या वर फॅन्सची रक्षा पुरलेली आहे. २००४ ला जागा उरली नाही म्हणून बंद केलं. आता सांगा, ते मैदान खणून त्यावर टॉवर बांधणार? कित्येक वर्षं तोच प्लॅन होता, गुडिसन पाडून घरं वगैरे, शेवटी ठरलं की पाडायचंच नाही, महिला टीमला द्यायचं, आणि आता त्या तिथे खेळतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. वारसा जपायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती जागा वापरत राहणं. तुमचं ओल्ड ट्रॅफर्ड ७४ हजारांचं आहे, एवढं मोठं महिला टीमला देणं परवडणार नाही हे कळतं, पण मागून बघायला काय जातंय.

ऑफसाइड_सायन:
सगळं वाचलं, छान आहे, पण एक कडू बोलू का. आपण सात हजार किलोमीटरवर बसून, फॅशन स्ट्रीटची जर्सी घालून, घड्याळ कुठे लावायचं ते ठरवतोय. ज्याचा आजोबा, बाप आणि तो स्वतः त्याच रांगेत बसत आलाय त्याला नव्या स्टेडियममध्ये सीट मिळणार का हे कोणी विचारलं? डिसेंबर २०२४ मध्ये क्लबने मेंबरांची उरलेल्या मॅचची तिकिटं सरसकट ६६ पाऊंड केली, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पण सवलत नाही. नव्या स्टेडियमचं कर्ज कोणाच्या खिशातून फिटणार ते उघड आहे. पुतळे चकाचक आणि पुतळ्याखालून जाणारे सगळे टुरिस्ट, असला वारसा नको.

आणि ओल्ड ट्रॅफर्ड ओल्ड ट्रॅफर्ड करताना हे पण लक्षात घ्या की ते मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने उद्ध्वस्त झालं होतं. १९४९ पर्यंत युनायटेड, मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर भाड्याने खेळत होते. १९४८ चा एफए कप बस्बींनी घर नसताना जिंकला! म्हणजे भिंती गेल्या तरी क्लब राहिला, कारण माणसं तीच होती.

गिरगावकर काका:
पोरांनो, फुटबॉलवर मराठीत एवढं भांडण बघून बरं वाटलं. सायनवाल्याचं म्हणणं मला पटतं पण अर्धंच. माणसं पाहिजेतच, पण माणसं विसरतात, त्यांना आठवायला काहीतरी समोर लागतं.

आपल्या कूपरेजच्या फुटबॉल मैदानाचंच घ्या. रोव्हर्स कप १८९१ ला सुरू झाला, देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन, गोव्याचे क्लब, सगळे इथे यायचे, आपले मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा. संध्याकाळी ऑफिस सुटलं की लोक चर्चगेटला जायच्या ऐवजी आधी कूपरेजला वळायचे. २००० नंतर स्पर्धाच थांबली. महिंद्रा युनायटेड २००६ ला नॅशनल लीग जिंकले आणि २०१० ला टीमच बंद झाली. आज मुंबई सिटी क्लबची मॅच बघायला अंधेरीला जाणाऱ्या पोराला विचारा रोव्हर्स कप म्हणजे काय. त्याची चूक नाही, त्याला कोणी दाखवलंच नाही. त्याला वाटतं मुंबईत फुटबॉल २०१४ ला आलं.

क्रिकेटमध्ये मात्र आपण बरं केलं. ब्रेबॉर्न १९३७ चं, मग ब्रेबॉर्नचा क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचं तिकिटांवरून फाटलं म्हणून वानखेडे झालं, जानेवारी १९७५ ला वेस्ट इंडिजशी पहिली टेस्ट. जुनं पाडलं नाही, दोन्ही उभी आहेत, चर्चगेटला उतरून चालत दोन्ही बघता येतात. आणि २०११ च्या फायनलला धोनीचा सिक्स जिथे पडला त्या खुर्च्या वानखेडेवर वेगळ्या काढून ठेवल्यात. बघ परळकर, ही आयडिया तुझ्या मेलमध्ये घाल. पुतळा सगळेच उभारतात. एखादी खुर्ची, एखादा कोपरा, जिथे काहीतरी घडलं तिथे खूण. आणि तो टनेल हलवता येत नसेल तर हलवू नका म्हणावं, त्याच्याभोवती चार झाडं लावा आणि लोकांना त्यातून चालू द्या.

परळचा रेड:
काका, सलाम. आणि बाकी सगळ्यांना पण, दुश्मन असून एवढं लिहिलंत.

मेलचं असं ठरवतोय. घड्याळ आणि म्युनिकची पाटी म्युझियममध्ये नाही, मुख्य वाटेवर, खाली मोकळी जागा ठेवून, आणि गेलेल्यांच्या घरच्यांना विचारून. स्ट्रेटफर्ड एंड एकसंध, नाव तेच, आणि त्यात स्थानिक सीझन तिकीटवाल्यांना एकत्र बसायला जागा, आत्ताच्या शेजाऱ्यासकट, सायनवाल्याचा दराचा मुद्दा इथेच जोडतो कारण तो वेगळा लिहिला तर वाचणार नाहीत. १९१० चा टनेल जागेवरच, चालता येईल असा. जुन्या सेंटर स्पॉटची खूण. आणि हे सगळं पहिल्या दिवशी तयार. महिला टीमचं पण एक वाक्य टाकतो, नाही म्हणाले तर म्हणाले. १९१० च्या ३-४ ची पाटी टाकत नाहीये, कोपवाल्या, वर्गणी स्वतःकडेच ठेव.

तोफखाना ठाणे:
स्टेडियमचं नाव कंपनीला विकायचं काय? त्याबद्दल चकार शब्द नाही लिहिलास. आमचं विमान कंपनीचं, एव्हर्टनचं वकिलांच्या फर्मचं.

परळचा रेड:
मुद्दाम नाही लिहिलं. ग्रुपमध्ये अर्धे म्हणतात ओल्ड ट्रॅफर्डच्या पुढे कंपनीचं नाव लागलं तर जर्सी जाळू, अर्धे म्हणतात त्या पैशाने तिकीट स्वस्त होणार असेल तर लावा काय लावायचं ते. मी दुसऱ्या गटात आहे पण स्वस्त होईल यावर माझा विश्वास नाही. शनिवारी दादरला मॅच बघायला जमतोय तेव्हा हाच विषय आहे, मेल त्यानंतर जाईल. इंग्रजी तपासायला एक माणूस हवाय, माहीमवाल्या तू येतोस का?

एव्हर्टन माहीम:
येतो. पण आमची मॅच आधी आहे, ती संपल्यावर. हरलो तर दहा मिनिटं कोणी बोलू नका माझ्याशी.