मदत हवी आहे: आर्केडचं कंट्रोल पॅनेल उघडायला सोपं कसं करू?

नमस्कार मंडळी,
मी फोंड्याचा. दोन वर्षांपूर्वी मुलांसाठी घरीच आर्केड पेटी (व्हिडिओ गेम खेळायची पेटी) बनवली. दोन जॉयस्टिक, ३० मिमीची सोळा बटणं, १८ मिमीचं प्लायवूड, आत यूएसबी एन्कोडर (बटणं दाबल्याचे संकेत यूएसबीने पुढे पाठवणारा छोटा बोर्ड). खेळायला फार छान आहे, पण दुरुस्ती जिवावर येते. वरची फळी, म्हणजे कंट्रोल पॅनेल, बारा स्क्रूंनी थेट लाकडात आवळली आहे. दर वेळी काढून-लावून भोकं सैल झाली आहेत. त्यात सगळ्या बटणांची ग्राउंड वायर (सगळ्यांना सामाईक असलेली) साखळीसारखी एकातून दुसऱ्यात गेलेली, तीही डाग (सोल्डर) देऊन. एक सांधा सुटला की पुढची सगळी बटणं गप्प.

आपल्याकडचा पावसाळा तर ठाऊकच आहे. यंदा जुलैत मायक्रोस्विचच्या (बटणाखालच्या छोट्या स्विचच्या) पत्त्यांवर हिरवट थर चढला.

विचार असा आहे: मागच्या कडेला पूर्ण लांबीची पियानो बिजागरी, पुढे दोन कड्या, आणि डाग काढून ४.८ मिमीचे खोचायचे टर्मिनल. पण फळी उचलली की वायरी ताणल्या जातील का? किती ढील ठेवावी? एन्कोडर फळीलाच लावावा की पेटीच्या तळाला? मला फळीलाच बरं वाटतं, मग बाहेर एकच यूएसबी केबल येईल.

दमटपणासाठी सिलिका जेलच्या पुड्या पुरतात का? आणि अशी लांब बिजागरी, शक्यतो स्टेनलेसची, म्हापशाला किंवा मडगावात कुठे मिळेल? चवथीला भाचरं येतील, त्याआधी पेटी चालू करायची आहे.