नवीन चेनसॉ कंपनीने तपासणीला परत मागवलाय, रन-इन (नव्या इंजिनाला सुरुवातीला सरावणं) करू की आधी दुकानात नेऊ?

केळशीची_वाडी:
नमस्कार मंडळी. आमची हापूसची जुनी कलमं फार उंच गेलीत, फळ उतरवायला माणूस मिळत नाही. दापोली विद्यापीठाच्या पुनरुज्जीवनाच्या पद्धतीने ती खाली घ्यायची म्हणून 18 इंची पेट्रोल चेनसॉ घेतला. बार (चेन ज्यावर फिरते ती लांब पट्टी) आणि चेन बसवून झाली, अजून सुरू केलेला नाही. तेवढ्यात दुकानातून व्हॉट्सॲपवर मेसेज: या बॅचच्या मशिनांचा चेन ब्रेक तपासायचाय, घेऊन या. फोन केला तर म्हणाले, "घाई नाही ताई, छाटणी उरका, मग आणा." गडी परवा येतायत. रन-इनबद्दलही प्रत्येकाचं वेगळंच. कुणी सांगतं तासभर नुसतं स्लोवर चालू ठेवा, कुणी म्हणतं पहिल्या टाकीला पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल दुप्पट घाला. काय करू?

गुहागर_माड:
ताई, आम्ही निसर्ग वादळानंतर घेतलं तेव्हा अर्धा तास स्लोवर ठेवलं होतं. अजून चालतंय. तपासणीचं एवढं मनावर घेऊ नका, कंपन्या असे मेसेज पाठवतच असतात.

राजापूरचा_मिस्त्री:
ताई, गड्यांना आठवडाभर पुढे ढकला आणि मशीन आधी दुकानात न्या. दुसरी कुठली तक्रार असती तर मी एवढं ताणलं नसतं, पण इथे गोष्ट ब्रेकची आहे.

बारच्या टोकाचा वरचा कोपरा फांदीला टेकला की मशीन उलटं उसळून थेट तोंडाकडे येतं. त्या क्षणी पुढचा गार्ड मनगटावर आपटतो किंवा ब्रेक झटक्यानेच लागतो, आणि चेन थांबते. जुन्या कलमाच्या बेचक्यात फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. आपण एक कापत असतो आणि टोक मागच्या, न दिसणाऱ्या फांदीला लागतं. म्हणजे ब्रेकची गरज सगळ्यात जास्त तुमच्याच कामात.

गुहागरवाल्या दादांना सांगतो, परत मागवणं ही नुसती औपचारिकता नसते. अमेरिकेत 2018 मध्ये हार्बर फ्रेटने 10 लाखांवर इलेक्ट्रिक चेनसॉ परत मागवले, कारण बटण बंद केलं तरी चेन फिरत राहू शकत होती. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवायला लावण्याचा अधिकार दिलाय.

मेसेज खरा की खोटा, हे मेसेजमधल्या नंबरवर विचारू नका. मशिनवरचा सिरियल नंबर बघा आणि पुस्तिकेतल्या कंपनीच्या नंबरवर फोन लावा. मशीन दिल्याची पोच लेखी घ्या. दुरुस्तीचे पैसे मागितले किंवा टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

आता रन-इन. तासभर स्लोवर ठेवायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. स्लोवर पिस्टनच्या रिंगांवर दाब येत नाही, त्या सिलिंडरला नीट बसत नाहीत, आणि प्लग काळा होतो तो वेगळाच. याच्या उलट, लाकडात न घालता हवेत फुल रेस देत बसणं सगळ्यात वाईट. मोकळं मशीन मिनिटाला 12-13 हजार फेऱ्यांवर जातं, नवीन पिस्टनला ते झेपत नाही. माझ्याकडे जॅम होऊन मशीन आलं की मी पहिल्यांदा सायलेन्सर काढतो. एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन समोर दिसतो: चांगला असेल तर गुळगुळीत, नाहीतर वरपासून खालपर्यंत नखाला लागतील अशा उभ्या रेघा. तिथून पुढे खर्च बोअर-पिस्टनचाच.

म्हणून पहिल्या तीन टाक्या साधं काम घ्या. मनगटापासून मांडीएवढ्या फांद्या कापा, लाकडात असताना बिनधास्त रेस द्या, कट संपला की सोडा. मधे मधे गार होऊ द्या. माडाचं खोड सुरुवातीला नकोच, बाहेरून कडक आणि किनाऱ्यावरचं असेल तर सालीत वाळू, चेनची धार जाते.

ऑइल दुप्पट करू नका. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40. ऑइल वाढलं की त्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, मशीन गरम चालतं आणि कार्बन धरतं.

नवी चेन पहिल्या दिवशी ताणत जाते. दर थोड्या वेळाने मशीन बंद करून, हातमोजा घालून बघा: चेन हाताने सरकली पाहिजे, पण खाली लोंबता कामा नये. काम संपलं की ढिली करा, गार होताना ती आवळते आणि ताण क्रँकवर येतो. चेनच्या ऑइलच्या वेगळ्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल कुणी कितीही फुकट दिलं तरी घालू नका, त्यात धातूची पूड असते. ऑइल येतंय का ते बघायला टोक सुक्या झावळीसमोर धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

केळशीची_वाडी:
दादा, खूप आभार. कंपनीत फोन केला, माझा नंबर त्या बॅचमध्येच आहे. बदलून देणार आहेत, पैसे नाहीत. गड्यांना कळवलं. परत आल्यावर ब्रेक मी स्वतः कसा तपासू? आणि पाच लिटरचा कॅन मिसळून ठेवला तर चालेल का?

राजापूरचा_मिस्त्री:
हे उत्तम केलंत. आधी बंद मशिनवर गार्ड पुढे ढकला, टक्क आवाज येऊन चेन हाताला हलता कामा नये. मग मशीन सुरू करा, दोन्ही हातांत घट्ट धरून रेस द्या आणि मूठ न सोडता डाव्या मनगटाने गार्ड ढकला. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. जराही घसरली तर परत दुकानात. हे रोज सकाळी, कलमावर चढण्याआधी.

पाच लिटर नको. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं. लिटर-दोन लिटरच मिसळा, आठवड्यात संपवा. आणि पावसाळ्यात मशीन ठेवताना टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बुरेटरचा पडदा कडक होणार नाही.