मदत हवी आहे: वाड्याचे सागवानी खांब न काढता दुरुस्त होतील का?

वाईतला आमचा वाडा, शंभराहून जास्त वर्षांचा, दुमजली. वारसा यादीत नाही, त्यामुळे आतल्या बदलांना वारसा नियमांची आडकाठी नाही. काकांना सोप्यातले चार कोरीव खांब आणि महिरपी काढून आरसीसी बीम टाकायचाय. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन भावही सांगून गेलाय. इमारतीतून सुटा केलेला शंभर वर्षांवरचा भाग १९७२च्या पुरावस्तू कायद्याने 'पुरावस्तू' ठरू शकतो आणि तो परदेशी विकता येत नाही, हे मी काकांना दाखवलं. पण घरातून उपटायला तो कायदा अडवत नाही.

खांब खचेल ही काकांची भीती खोटी नाही. तीन खांब ठणठणीत आहेत. चौथ्यात तळखड्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) वर फूटभर वाळवी आहे, पेचकस दोन इंच आत जातो. त्याच्या वरची कमळाची पाकळी न् पाकळी अजून शाबूत आहे. वाळवीचं औषध दोनदा मारलं. दोन सुतारांनी सरळ "बदला" म्हटलं.

वर आजी राहते, कडीपाट (वरच्या मजल्याची लाकडी जमीन) उतरवता येणार नाही, आणि पावसाआधी काम उरकायचंय.

कुजलेला तेवढाच भाग कापून नवं सागवान सांध्यात बसवलंय का कुणी? तेव्हा तुळईचा भार टेकूंवर कसा तोलला, आणि सातारा-पुण्याकडे हे करणारा सुतार कुठे मिळेल?