पोलोला रेसिंग अलॉय बसवल्यावर थरथर: चाक हबच्या मध्यावर आणण्याची योग्य पद्धत कोणती?

पंचगंगा_पोलो:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी आहे. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी गाडी न्यायची आहे, म्हणून मूळ चाके उतरवून बाजारातली हलकी अलॉय चाके घेतली. मूळ चाकांवर ६ जे × १५ (रुंदी ६ इंच, व्यास १५ इंच), ऑफसेट ४० (चाकाच्या रुंदीचा मध्य आणि गाडीला टेकणारी पाठ यांतले अंतर, मिलिमीटरमध्ये) असे कोरलेले आहे आणि नवी चाके ७ जे × १५, ऑफसेट ३५ ची आहेत. पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) दोन्हींचा ५ × १०० च आहे. मात्र नव्या चाकांचे मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे आहे, तर गाडीच्या हबचा (ज्यावर चाक बसवतात तो फिरणारा भाग) पुढे आलेला गोल भाग ५७.१ मिलिमीटरचा आहे.

पुणे–बंगळूर महामार्गावर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. ९५ ते ११० च्या दरम्यान ही थरथर सर्वांत जास्त जाणवते आणि त्यापुढे किंचित कमी होते. वेगवेगळ्या दुकानांत बॅलन्सिंग करून घेतले, दर वेळी मशीनवर शून्य येते. अलाइनमेंटही तपासून झाली. मूळ चाके परत लावली की तक्रार पूर्णपणे थांबते.

चाके बसवून देणाऱ्याचे म्हणणे असे की बोल्ट आवळले की चाक आपोआप मध्यावर येते, हब रिंगची (हब आणि चाकाचे भोक यांतली मोकळी जागा भरणारी कडी) काही गरज नाही. दुसऱ्या एका जाणकाराने सांगितले की हब रिंग नसेल तर गाडीचे सगळे वजन बोल्टांवर येते आणि ते तुटतात. या दोघांपैकी खरे कोणाचे, आणि आता मी नेमके काय तपासावे?

---

उद्यमनगर_लेथ:

मशीनने दाखवलेले शून्य खरे आहे, पण ते त्या मशीनच्या शाफ्टपुरते खरे आहे. बॅलन्सिंग करताना चाक मधल्या भोकात शंकू घालून पकडतात, त्यामुळे तिथे चाक स्वतःच्या मध्याभोवती फिरते. तेच चाक गाडीवर चढवले की ते हबच्या मध्याभोवती फिरते. हे दोन मध्य एकमेकांवर बसले नाहीत, तर कितीही वेळा वजने चिकटवली तरी उपयोग होणार नाही.

किती फरकाने किती बिघडते, याचा हिशेब करून पाहा. टायरसह चाक १७ किलोचे धरू. ते हबवर फक्त अर्धा मिलिमीटर बाजूला बसले, तर १७,००० ग्रॅम गुणिले ०.५, म्हणजे ८,५०० ग्रॅम-मिलिमीटर इतका असमतोल तयार होतो. पंधरा इंची रिमच्या काठाची त्रिज्या सुमारे १९० मिलिमीटर असते. त्या काठावर ४५ ग्रॅमचे वजन चुकीच्या जागी चिकटवले असते तर जेवढा धक्का बसला असता, तेवढाच या अर्ध्या मिलिमीटरमुळे बसतो. शिवाय टायरचा गोलही तितकाच बाजूला सरकलेला असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हब वर उचलला जातो आणि खाली येतो, आणि हा दोष कोणत्याही वजनाने झाकला जात नाही. ताशी १०० ला या मापाचे चाक सेकंदाला जवळजवळ पंधरा फेरे घेते. तुमच्या हाताला जाणवते ती थरथर साधारण त्याच गतीची असणार.

खात्री करून घ्यायची असेल तर गाडी पक्क्या स्टँडवर घ्या. स्टँडला एक ताठ तार बांधून तिचे टोक रिमच्या आतल्या, टायर जिथे बसतो त्या काठाजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) मिळाला तर उत्तमच. सर्वांत उंच जागी खडूने खूण करा, हबवरही त्याच ओळीत खूण करा. मग चाक काढून दोन भोके पुढे फिरवून पुन्हा लावा. उंचवटा चाकावरच्या खुणेबरोबर फिरला तर रिम वाकडी किंवा मुळातच लंबवर्तुळी आहे, हबवरच्या खुणेशी राहिला तर हब तपासा, आणि दर वेळी भलत्याच जागी निघाला तर चाक बसवण्यातच दोष आहे. तुमच्या वर्णनावरून मला तिसरी शक्यता वाटते, कारण बोल्ट घालण्याआधी तुमच्या चाकाला हबवर सगळीकडून आठ-आठ मिलिमीटर मोकळी जागा आहे.

तयार रिंग घ्यायची नसेल तर ती लेथवर करून घेता येते. अ‍ॅल्युमिनियमची घ्या, बाहेरचा व्यास चाकात हाताच्या दाबाने घट्ट बसेल इतका आणि आतला व्यास हबच्या मोजलेल्या मापापेक्षा ०.०५ मिलिमीटर जास्त ठेवा. कागदावरच्या ५७.१ वर विसंबू नका. हबवरचा गंज साफ करून मायक्रोमीटर लावा आणि चाकाचे भोकही तसेच मोजा, कारण ओतीव चाकाच्या भोकावर रंगाचा थर असला तर रिंग तिरकी बसते. रिंगच्या तोंडाला उतार द्या आणि तिची उंची इतकीच ठेवा की चाकाची पाठ हबच्या सपाट तोंडाला पूर्ण टेकेल. रिंग अर्धा मिलिमीटर जरी उंच राहिली, तरी चाक हबवर न टेकता रिंगवर टेकते, आणि हा प्रकार रिंग नसण्यापेक्षा धोकादायक आहे.

---

पिट_लेन_कोइमतूर:

मी मूळचा सांगलीचा, सध्या इथे रेसिंगच्या गाड्यांवर काम करतो. वरचे उत्तर योग्य आहे. त्यात दोन गोष्टी जोडतो.

रिंग नसेल तर वजन बोल्टांवर येते, ही समजूत खूप पसरलेली आहे, पण ती बरोबर नाही. चाक वजन पेलते ते हबच्या तोंडाशी होणाऱ्या घर्षणाने, आणि बोल्टचे काम चाकाला त्या तोंडावर दाबून धरण्याचे आहे. पोलोचे बोल्ट एम १४ × १.५ चे (व्यास १४ मिलिमीटर, दोन आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर) असून ते १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढ्या टॉर्कने प्रत्येक बोल्ट अंदाजे ४३ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांहून जास्त जोराने चाक दाबतो. पाच बोल्टांचे मिळून वीस टनांच्या वर जाते. घर्षणांक ०.१५ धरला, तरी चाक हबवर सरकवायला तीन टनांहून अधिक आडवे बल लागेल, आणि तुमची अख्खी गाडी साधारण अकराशे किलोची आहे. त्यामुळे रिंगचे काम एवढेच, की बोल्ट आवळले जाईपर्यंत चाक मध्यावर धरून ठेवायचे.

म्हणूनच प्लास्टिकची रिंग रस्त्यावर निभावून जाते. ट्रॅकवर मात्र ती नको. पॉलिकार्बोनेट १५० अंशांच्या आसपास मऊ पडते, एबीएस प्लास्टिक त्याच्याही आधी. लागोपाठ जोरदार ब्रेक मारून गाडी पिटमध्ये थांबली की हवा लागत नसल्याने डिस्कची उष्णता हबमध्ये उतरते. तेव्हा वितळून चपटी झालेली रिंग पुढच्या वेळी चाकाला मध्यावर आणू शकत नाही. अ‍ॅल्युमिनियमची रिंग तापल्यावर हबपेक्षा थोडी जास्त फुगते, तापमान शंभर अंशांनी वाढले तर ५७ मिलिमीटरच्या व्यासावर ०.१३ मिलिमीटर विरुद्ध ०.०७, म्हणजे ती हबवर आवळून बसत नाही. तिला त्रास आहे तो गंजाचा. आपल्या पावसात अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटतात, म्हणून रिंगच्या आतल्या बाजूला अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणारी पेस्ट) अगदी पातळ हात फिरवावा.

पण तुमच्या प्रश्नात जे लिहिलेले नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. नव्या चाकांना बोल्ट कोणते लावले आहेत? फोक्सवॅगनचे मूळ बोल्ट गोलाकार बैठकीचे असतात, त्यांच्या डोक्याखालचा भाग चेंडूसारखा वळलेला असतो. बाजारातील बहुतेक अलॉय चाकांची बैठक (चाकात बोल्टचे डोके जिथे टेकते तो भाग) ६० अंशांच्या शंकूची असते. कृपया एक बोल्ट काढून त्याचे डोके आणि चाकातली बैठक, दोन्ही उजेडात पाहा.

---

पंचगंगा_पोलो:

आपल्या सांगण्यावरून आजच एक चाक उतरवले. बोल्ट मूळचेच आहेत. डोक्याखालचा भाग गोलाकार आहे, आणि चाकातली बैठक सरळ उताराची शंकूसारखी दिसते. बैठकीच्या आत, साधारण मधल्या उंचीवर, चकचकीत अशी एक बारीक गोल रेघ उमटली आहे; तिच्या वर आणि खाली चाकाचा काळा रंग जसाच्या तसा आहे. एका भोकात ही रेघ एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला जवळजवळ नाहीशी झालेली आहे. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रेही आहेत. ही चाके तशीच ठेवून रिंग तयार होईपर्यंत गाडी चालवली तर चालेल का?

---

पिट_लेन_कोइमतूर:

नाही, मुळीच चालवू नका. आजच मूळ चाके लावा आणि नवी चाके बाजूला ठेवा.

ती बारीक रेघ म्हणजे बोल्ट आणि चाक यांचा एकमेव संपर्क आहे. शंकूच्या बोल्टचा सगळा उतार बैठकीवर टेकतो, तर चेंडूसारखा बोल्ट शंकूत फक्त एका वर्तुळाकार रेघेवर टेकतो. चार टनांचा दाब त्या रेघेवर आला की मऊ अ‍ॅल्युमिनियम दबते, दबले की बोल्टचा ताण उतरतो, आणि ताण उतरलेला बोल्ट हळूहळू सुटतो किंवा वारंवार वाकून तुटतो. एका भोकात रेघ एकीकडेच जाड आहे, याचा अर्थ तो बोल्ट आवळताना चाक बाजूला अडकलेले होते आणि तसेच जखडले गेले. एअर गनने पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला की हेच होते. तुमच्या थरथरीचे कारण बहुधा इथेच आहे.

आता शंकूच्या बैठकीचे, एम १४ × १.५ चे बोल्ट घ्या. लांबी डोळ्यांनी ठरवू नका. चाकाच्या पाठीमागून आट्यांचा किती भाग बाहेर येतो ते मोजा आणि मूळ चाकात मूळ बोल्टचा किती येतो त्याच्याशी ताडून पाहा. हबमध्ये किमान बोल्टच्या व्यासाइतकी, म्हणजे १४ मिलिमीटरची पकड मिळाली पाहिजे, म्हणजे हाताने घालताना बोल्टने नऊएक पूर्ण फेरे घ्यायला हवेत. जास्त लांब बोल्टही नकोत. पोलोला मागे ड्रम आहेत आणि लांब बोल्टचे टोक आतल्या भागांना घासू शकते, म्हणून बोल्ट लावल्यावर हँडब्रेक सोडून मागचे चाक हाताने फिरवून कान देऊन ऐका.

बैठका तपासून घ्या. खोल चर पडला असेल, किंवा बैठकीच्या कडेला केसाएवढी जरी भेग दिसली, तर ते चाक ट्रॅकवर नेऊ नका. चाकाला कितीही पैसे पडलेले असोत, या बाबतीत तडजोड नको.

बसवताना हबचे तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, डिस्क पकडणारा छोटा स्क्रू वर आलेला नाही ना ते बोटाने चाचपून पाहा, आणि चाकाची पाठही पुसा. तिथे जाड पावडर कोटिंग असेल तर सांगा, कारण तो थर दाबाखाली बसतो आणि बोल्ट ढिले पडतात. पोलोला स्टड (हबमधून कायम बाहेर आलेले, चाक अडकवायचे खिळे) नाहीत, त्यामुळे चाक हातात धरून भोक जुळवताना ते रिंगवरून तिरके चढते. यासाठी वरच्या भोकात लावायची गाइड पिन मिळते, ती जरूर वापरा. चाक हवेत असतानाच पाचही बोल्ट हाताने शेवटपर्यंत घाला. मग चाक थोडे हलवत, एक सोडून एक अशा क्रमाने, लहान पान्याने हलके आवळा. त्यानंतर टॉर्क रेंच ४० वर, मग ८० वर आणि गाडी जमिनीवर टेकवून १२० वर. तिन्ही वेळा क्रम तोच ठेवा.

आट्यांना किंवा बैठकीला तेल, ग्रीस, अँटी-सीझ काहीही लावू नका. टॉर्कचा बराचसा भाग घर्षणात खर्च होतो हे गृहीत धरूनच १२० हा आकडा दिलेला आहे. तेल लावून घर्षण पाऊणपट झाले, तर त्याच १२० ला बोल्टवरचा ताण एक तृतीयांशाने वाढतो आणि रेंचला ते कळत नाही.

---

घाटवळण:

बोल्टांचे शंकासमाधान झालेच आहे, म्हणून फक्त मापांबद्दल आणि स्टेपनीबद्दल लिहितो.

६ जे ऑफसेट ४० वरून ७ जे ऑफसेट ३५ वर गेल्यावर चाकाची बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड ७.७ मिलिमीटर आत सरकते. त्यामुळे आत स्ट्रटपाशी (सस्पेन्शनचा उभा दांडा) बोट जाईल एवढी फट उरते का ते पाहा, आणि बाहेर मागच्या बाजूला दोन माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, टायर मडगार्डच्या आतल्या काठाला घासतो का तेही पाहा. घासते म्हणून कोणी स्पेसर (हब आणि चाक यांमध्ये घालायची चकती) टाकायला सांगितला तर नकार द्या. आत घासत असले तरी साधा स्पेसर हबचा पुढे आलेला भाग खाऊन टाकतो, रिंगला पकडायला काही उरत नाही आणि बोल्टची पकडही तेवढीच कमी होते.

मूळ गोलाकार बोल्ट फेकू नका. स्टेपनीची लोखंडी रिम त्याच बैठकीची आहे. पाच बोल्ट पिशवीत घालून, ओळखण्यासाठी चिठ्ठी लावून, स्टेपनीच्या खळग्यात ठेवा आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला त्याबद्दल सांगून ठेवा.

---

पंचगंगा_पोलो:

सर्वांचे मनापासून आभार. मूळ चाके लावली आहेत. शंकूचे बोल्ट मागवले आहेत आणि हब व भोकांची मापे घेऊन रिंगा करायला देतो आहे. एकच शंका उरली आहे: बोल्ट पुन्हा कधी तपासायचे, आणि ट्रॅकवर चाके गरम असताना तपासले तर चालते का?

---

पिट_लेन_कोइमतूर:

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा, चाके पूर्ण थंड असताना तपासा. रेंच १२० वर ठेवून आवळण्याच्या दिशेने दाबा. बोल्ट न हलता रेंच वाजला तर ठीक. एखादा बोल्ट थोडा फिरला तर पाचही सैल करून, चाक हवेत घेऊन, क्रमाने पुन्हा आवळा, आणि पुढच्या १०० किलोमीटरनंतर परत पाहा. त्यानंतरही तोच बोल्ट फिरत असेल तर त्याची बैठक दबते आहे असे समजा आणि ते चाक उतरवा.

ट्रॅकवर प्रत्येक सत्राआधी, थंड असताना तपासा. सत्र संपल्यावर लगेच गरम चाकांना रेंच लावू नका, कारण तापल्यावर चाक, बोल्ट आणि हब वेगवेगळ्या प्रमाणात फुगलेले असतात, आणि त्या वेळी आवळलेला बोल्ट थंड झाल्यावर भलताच ताण दाखवतो. गरम असताना एखादा बोल्ट हाताला सैल लागला, तर मात्र थंड होण्याची वाट पाहून त्याच दिवशी पुन्हा ट्रॅकवर जाऊ नका. चाक काढून बैठक पाहिल्याशिवाय ते का सैल झाले हे कळणार नाही.