मदत हवी आहे: टाइमझोन लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधल्या संदर्भ-लिंका कशा सांभाळाव्यात?

लंबक

नमस्कार मंडळी,

एका छोट्या मुक्तस्रोत टाइमझोन लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन मी सांभाळते. लायब्ररी आयानाचा (इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेचा) टीझेड डेटाबेस, म्हणजे जगभरच्या वेळबदलांची नोंद, वाचते आणि अमुक ठिकाणी अमुक क्षणी घड्याळात किती वाजले होते ते सांगते. कोड दुसरे लोक बघतात, माझ्याकडे मजकूर आहे. त्यात एक मोठं प्रकरण देशवार टिपांचं आहे. कुठल्या देशाने वेळ कधी बदलली, ते आम्ही कशाच्या आधारावर मानतो, आणि त्या आधाराची लिंक. यात सरकारी अधिसूचना, वृत्तसंस्थांच्या बातम्या, टीझेड मेलिंग लिस्टवरचे संदेश, आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) असं सगळं आहे.

आता अडचण. बिल्डमध्ये (मजकुरातून पानं आपोआप तयार होतात त्या टप्प्यात) लिंक तपासणारं हत्यार बसवलेलं आहे आणि ते जवळजवळ रोज लाल होतं. काही पानं खरोखर गेलेली आहेत. काही साइट्स यंत्राने विचारलं की ४०३ (प्रवेश नाही) देतात, पण ब्राउझरमध्ये नीट उघडतात. आणि बऱ्याच लिंका रीडायरेक्ट होतात, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर वळतात. या कटकटीला कंटाळून एका सहकाऱ्याने पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवली आहे, जिच्यात प्रत्येक रीडायरेक्ट जिथे पोचतो तो पत्ता स्क्रिप्टने जुन्या लिंकच्या जागी टाकलेला आहे. वरवर पाहता काम सुबक आहे. पण मी एकेक लिंक उघडून पाहिली तेव्हा लक्षात आलं की अनेक अधिसूचनांचे पत्ते आता त्या मंत्रालयाच्या मुख्यपृष्ठावर जाऊन थांबतात. साइटची पुनर्रचना झाली, जुनी पानं काढली, आणि ४०४ (पान सापडत नाही) देण्याऐवजी सगळ्यांना मुख्यपृष्ठाकडे वळवलं. मुख्यपृष्ठ २०० (सगळं ठीक) देतं. म्हणजे ही पुल रिक्वेस्ट स्वीकारली तर बिल्ड हिरवा होईल आणि अधिसूचना मूळ कुठे होती ते आमच्या मजकुरातून कायमचं पुसलं जाईल. म्हणून मी ती थांबवून ठेवली आहे, पण सहकाऱ्यांना पटेल असा पर्याय माझ्याकडे नाही.

मला मुख्यतः हे हवं आहे: रीडायरेक्ट कधी स्वीकारायचा आणि कधी नाही, याचा काही नियम तुम्ही पाळता का? मेलेल्या लिंकेच्या जागी वेबॅक मशीनची (इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या वेबपानांच्या साठ्यातली) प्रत टाकायची, की दोन्ही ठेवायच्या? आणि सर्वांत अवघड म्हणजे, पान जिवंत आहे, मजकूर शब्दशः तोच आहे, पण त्यातला निर्णय नंतर फिरवला गेला, अशी लिंक कशी दाखवायची?

हा शेवटचा प्रश्न मला टोचतो, कारण टाइमझोनमध्ये हे वरचेवर होतं. मोरोक्कोने २०१८ मध्ये वर्षभर एक तास पुढे राहायचं जाहीर केलं ते २६ ऑक्टोबरला, घड्याळं मागे जायला दोन दिवस उरले असताना. तेव्हा आदल्या आठवड्यापर्यंतची सगळी सरकारी पानं त्यांच्या काळापुरती बरोबरच होती.

आगाऊ धन्यवाद.

---

उंबरठा

आधी एक काम करा, बाहेरच्या लिंकांची तपासणी बिल्डमधून काढा. दुसऱ्याचा सर्व्हर झोपला म्हणून तुमचा बिल्ड का अडावा? रोज लाल दिवा दिसला की लोक दिव्याकडे बघायचं सोडतात, आणि मग असल्या सरसकट पुल रिक्वेस्ट येतात. आठवड्यातून एकदा वेगळं वेळापत्रक लावून तपासणी चालवा आणि निकाल इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या अडचणींच्या नोंदीत) टाका. आतल्या लिंका, म्हणजे तुमच्याच एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या, त्या मात्र बिल्डमध्येच राहू द्या; त्या तुटल्या तर चूक आपली असते.

४०३ आणि ४२९ यांना मेलेलं समजू नका. पहिल्यात साइट यंत्राला दारातच अडवते, दुसऱ्यात "फार भराभर विचारताय" म्हणते. ४१० आला तर मात्र पान मुद्दाम काढलेलं आहे.

रीडायरेक्टमध्ये ३०१ आणि ३०८ कायमचे, ३०२ आणि ३०७ तात्पुरते. तात्पुरत्यांना हातच लावू नका. कायमच्यांमध्ये फक्त एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालं असेल, बाकी पत्ता तोच असेल, तर स्क्रिप्टने बदलायला हरकत नाही. बाकी सगळं माणसाने उघडून बघायचं. तुमच्या मुख्यपृष्ठांसाठी सोपी चाळणी आहे: मूळ पत्त्यात लांबलचक मार्ग होता आणि पोचलेला पत्ता नुसत्या डोमेनवर संपतोय, तर ती लिंक मेलेली धरा, उत्तर २०० असलं तरी. स्फिंक्स (डॉक्युमेंटेशन तयार करणारं हत्यार) वापरत असाल तर त्याच्या लिंकचेकमध्ये कुठले रीडायरेक्ट मान्य आहेत ते पॅटर्न देऊन सांगता येतं.

---

ध्रुवमत्स्य

उंबरठा यांच्याशी सहमत. पण लंबक, तुमचा खरा गुंता तपासणीच्या अलीकडचा आहे. तुमच्या प्रकरणात दोन वेगळ्या कामांच्या लिंका एकाच रांगेत उभ्या आहेत.

काही लिंका पुरावा म्हणून आहेत. त्या दिवशी त्या पानावर काय होतं तेच वाचकाला दिसलं पाहिजे, आज काय आहे ते नाही. अधिसूचना, बातमी, मेलिंग लिस्टवरचा संदेश या जातीचे. काही लिंका याच्या बरोबर उलट्या आहेत, आज जे चालू आहे तेच दाखवायचं त्यांचं काम. टीझेडडेटा (टीझेड डेटाबेसच्या फाइली) उतरवून घ्यायचं पान, लीप सेकंदांची यादी, चालू मानक. पुरावा-लिंक बदलली की बिघडते, चालू-लिंक गोठली की बिघडते. एकच नियम दोघींना लावाल तर एकीचं नुकसान होणारच.

चालू-लिंकांचं मरण तपासणीत दिसत नाही. टीझिफ फाइलचं (जिच्यात टाइमझोनचे नियम साठवतात तिचं) स्वरूप सांगणारा आरएफसी ८५३६ घ्या. २०१९ चा आहे, लिंक ठणठणीत, २०० येतो. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३६ आला आणि तो कालबाह्य ठरला. कुठलंही लिंक-तपासनीस हत्यार हे सांगणार नाही. तसंच तारीख-वेळ कशी लिहायची ते सांगणाऱ्या आरएफसी ३३३९ चं: तो रद्द झालेला नाही, पण २०२४ च्या आरएफसी ९५५७ ने त्यात भर घातली. तारखेच्या पुढे कंसात झोनचं नाव लिहिण्याची पद्धत तिथे आहे, आणि टाइमझोन लायब्ररीच्या वाचकाला तीच हवी असते. म्हणून आरएफसींची यादी वेगळी काढा आणि वर्षातून एकदा आरएफसी एडिटरच्या साइटवर प्रत्येकाच्या माथ्यावरची "कालबाह्य" आणि "सुधारित" ही ओळ माणसाने वाचावी.

जुन्या टाइमझोन मजकुरात आणखी एक हमखास सापडतं: एल्सी नावाच्या यंत्राचा एफटीपी (फाइली उतरवून घ्यायची जुनी पद्धत) पत्ता. आर्थर डेव्हिड ओल्सन यांच्या काळात डेटाबेस अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या त्या यंत्रावरून वाटला जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये तो आयानाकडे आला आणि सांभाळायची कार्यपद्धती फेब्रुवारी २०१२ च्या आरएफसी ६५५७ मध्ये लिहिली गेली. एकूणच एफटीपी लिंका शोधून काढा, सर्व्हर चालू असला तरी. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढला. तुमचं हत्यार कदाचित "ठीक" म्हणेल, आणि वाचकाने टिचकी मारली तर काहीच उघडणार नाही.

गिटहबवरच्या (कोड ठेवायच्या साइटवरच्या) ओळींकडे जाणाऱ्या लिंकाही बघा. मुख्य शाखेतल्या फाइलची अमुकावी ओळ अशी लिंक असेल तर दोन कमिटनंतर (नोंदवलेल्या बदलांनंतर) ती भलत्याच ओळीवर जाते. पान उघडून कीबोर्डवर वाय दाबा, पत्ता त्या कमिटला बांधला जातो. पुरावा-लिंकेसाठी तोच पत्ता हवा.

---

रानवारा

वेबॅकबद्दल: दोन्ही ठेवा. मूळ पत्ता काढू नका. अर्काइव्हमध्ये शोधायची किल्ली तो पत्ताच असतो, आणि उद्या दुसरं अर्काइव्ह उभं राहिलं तर तिथेही त्यावरूनच शोधणार. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला तेव्हा वेबॅक मशीन काही दिवस बंदच होतं. नुसत्या अर्काइव्ह-लिंका टाकणाऱ्यांच्या सगळ्या तळटिपा त्या दिवसांत एकदमच आंधळ्या झाल्या.

प्रत पान मरायच्या आधी करायची असते. नवी टीप लिहिली की त्याच दिवशी "सेव्ह पेज नाऊ" करा आणि साठलेली प्रत उघडून बघा. काही सरकारी पानं पूर्ण जावास्क्रिप्टवर चालतात, आणि त्यांच्या प्रतीत नुसता पांढरा कागद मिळतो. जुनी प्रत निवडताना पत्त्यातला चौदा आकड्यांचा शिक्का वाचा. निर्णयाच्या लगतची प्रत घ्या, सगळ्यांत ताजी नको. ताज्या प्रतीत बहुधा तुम्ही म्हणता ते मुख्यपृष्ठच साठलेलं असतं.

सहकाऱ्यांना आकडा हवा असेल तर प्यू रिसर्च सेंटरचा २०२४ मधला अभ्यास दाखवा: २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

पण माझ्या मते सर्वांत टिकाऊ गोष्ट लिंक नाहीच. लिंकेशेजारी साध्या शब्दांत लिहा: कुणी काढलं, कुठल्या तारखेला, अधिसूचनेचा क्रमांक असल्यास तो, आणि त्यात नेमकं काय ठरलं. टीझेडच्या डेटा फाइलींमधल्या टिपा बघा. "अमुक यांच्याकडून", कंसात तारीख, मग मजकुराचा गाभा, आणि लिंक वेगळ्या ओळीवर. तिथल्या कित्येक जुन्या लिंका आज उघडत नाहीत, तरी टीप वाचून निर्णय कळतो.

---

लंबक

तिघांचेही मनापासून आभार. पुरावा-लिंक आणि चालू-लिंक हा भेद सहकाऱ्यांना लगेच पटला. आता प्रत्येक लिंकेला तशी खूण लावतो आहोत.

फिरवलेल्या निर्णयांचं उदाहरण म्हणून लेबनॉनची टीप नव्याने लिहिली आहे. कृपया तपासा:

"लेबनॉन, मार्च २०२३. उन्हाळी वेळ नेहमीप्रमाणे २६ मार्चला सुरू होणार होती. २३ मार्चला सरकारने ती एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. अनेक संस्थांनी हे मानलं नाही आणि देशात काही दिवस दोन वेळा चालल्या. २७ मार्चला मंत्रिमंडळाने निर्णय मागे घेतला, २९ आणि ३० मार्चमधल्या मध्यरात्रीपासून सर्वत्र उन्हाळी वेळ. टीझेडडेटाच्या २०२३बी आवृत्तीत पुढे ढकलणं होतं; २०२३सी मध्ये डेटा पुन्हा २०२३ए सारखा केला. आम्ही २०२३सी पाळतो, म्हणजे उन्हाळी वेळ २६ मार्चपासून."

लिहिताना जाणवलं की सर्वांत अधिकृत दिसणाऱ्या दोन्ही लिंका, म्हणजे सरकारच्या घोषणा, आमच्या नोंदीला आधार देतच नाहीत. पहिलीनुसार एप्रिल, दुसरीनुसार ३० मार्च. आम्ही २६ मार्च मानतो त्याचं कारण फक्त टीझेडच्या न्यूज फाइलमध्ये (प्रत्येक आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत) आणि मेलिंग लिस्टवरच्या चर्चेत आहे. मग लिंक कुठली पुढे ठेवायची?

---

ध्रुवमत्स्य

टीप उत्तम झाली आहे. नोंदीला जो आधार आहे तीच लिंक पहिली, म्हणजे २०२३सी ची न्यूज फाइल, कमिटला बांधलेली. सरकारी घोषणा त्याखाली, आणि प्रत्येकीपुढे स्पष्ट लिहा: "मागे घेतला" किंवा "यानुसार नोंद केलेली नाही". वाचक घाईत असतो, लिंक दिसली की ती नोंदीला दुजोरा देते असंच तो धरतो. त्याला पान उघडायच्या आधीच कळू द्या.

मेलिंग लिस्टच्या संदेशांचं एक सांगायचं राहिलं. जुन्या पाइपरमेल अर्काइव्हमध्ये संदेशाला अनुक्रमांक असतो आणि अर्काइव्ह नव्याने बांधलं की तो सरकू शकतो. लिंक उघडते, संदेश भलताच. त्यामुळे प्रेषक, तारीख, विषय आणि संदेशाचा मेसेज-आयडी (प्रत्येक ईमेलची स्वतःची खूण) टिपेत लिहून ठेवा. हायपरकिटीसारख्या नव्या अर्काइव्हमधला पत्ता मेसेज-आयडीच्या हॅशवरून (त्यातून गणिताने काढलेल्या अक्षरमालेवरून) बनतो, म्हणजे आयडी असला तर पत्ता पुन्हा काढता येतो.

---

लंबक

एक शेवटचं. काही अधिसूचना फक्त पीडीएफमध्ये आहेत. त्या सरळ रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्यात) ठेवल्या तर चालतील का?

---

उंबरठा

सरसकट नको. सरकारी मजकुरावर कॉपीराइट आहे की नाही हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर ठरतं, बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानेच ते देशांवर सोडलेलं आहे. आणि बातमीची पीडीएफ तर नाहीच नाही. फाइल वेबॅकमध्ये साठवा, तिचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) टिपेत लिहा. पुढे कुणाकडे ती फाइल निघाली तर तीच आहे की नाही हे पडताळता येईल.

---

लंबक

ठीक, असंच करते. पुल रिक्वेस्टमधला एचटीटीपीएसचा भाग स्वीकारला, बाकीचा परत पाठवला. सहकारी स्वतःच आता मुख्यपृष्ठांची चाळणी लिहितो आहे.

सुरुवात मोरोक्कोपासून करतेय. तिथे रमजानपुरती घड्याळं मागे जातात, टीझेडमध्ये २०८७ पर्यंतचे अंदाज घातलेले आहेत, आणि दर वर्षीची घोषणा वेगळ्या पानावर येते. त्यातल्या बऱ्याच घोषणा अरबीत आहेत. इथे कुणाला अरबी नीट वाचता येत असेल तर कळवा, सारांश लिहून झाले की मूळ मजकुराशी ताडून हवे आहेत.