मोरोक्कोत कुठे कोणती भाषा चालली? तुमचे अनुभव लिहा

मी फ्रेंच शिकवते. माझ्या वर्गातली मंडळी मोरोक्कोला जाऊन येतात आणि आल्यावर आपसात वाद घालतात. एक म्हणतो, फ्रेंचवर सगळं निभावलं. दुसरी म्हणते, डोंगरात फ्रेंचला कुणी विचारत नाही. मला वाटतं दोघंही खरंच सांगत असावीत, कारण देशच तसा पसरलाय. उत्तरेला भूमध्य समुद्र आणि रिफचे डोंगर, पश्चिमेला अटलांटिक, मधून तिरक्या गेलेल्या ॲटलासच्या रांगा, त्यांच्या पलीकडे सहारा. २०११ च्या राज्यघटनेने अरबीच्या जोडीला तमाझिग्तलाही राजभाषा केलं. (आपण जिला बर्बर म्हणतो ती. तिथले बरेच लोक स्वतःला अमाझिग म्हणवून घेतात.) फ्रेंचला घटनेत जागा नाही, पण ऑफिसात तिचाच खुर्चीवर हक्क. माहिती पुस्तकात मिळते. तुम्ही नेमके कुठे होतात आणि काय बोलून काम झालं ते लिहा.

खारंवारं
एल जदीदाजवळच्या जोर्फ लास्फार बंदरात कामाला होतो. खुरिबगाच्या खाणीतून फॉस्फेटचा गाळ नळाने तिथे येतो, त्याचं आम्ल आणि खत होतं, त्यातलं बरंचसं जहाजाने भारतात येतं. म्हणून तिथे आपली माणसं भेटतात. मीटिंग फ्रेंचमध्ये, अहवाल फ्रेंचमध्ये. मीटिंग संपून चहा आला की सगळे दारिजावर, म्हणजे मोरोक्कोच्या बोली अरबीवर यायचे आणि खरे निर्णय तिथेच व्हायचे. टीव्हीवरच्या बातम्यांची शुद्ध अरबी घरी कुणी बोलत नाही. 'वाखा' (बरं, चालेल), 'बझ्झाफ' (खूप), 'श्हाल' (केवढ्याला) एवढ्यावर माझा बाजार व्हायचा.

मस्कतकर
आखातात आयुष्य गेलं, तेव्हा अरबीची चिंता नव्हती. कासाब्लांकात टॅक्सीवाल्याला माझं सगळं कळत होतं, मला त्याचं अक्षरही नाही. इजिप्तच्या मालिका आणि आखाती चॅनेल बघून त्यांचे कान तयार असतात. त्यांची बोली मात्र बाहेर फार जात नाही. वर दारिजात स्वर गिळतात आणि फ्रेंच शब्द पेरतात.

घाटवाट
तुबकालला गेले होते. ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर. माराकेशहून इम्लीलला पोहोचेपर्यंत आजूबाजूची भाषा बदलते: खाली दारिजा, वर ताशेल्हीत नावाची अमाझिग बोली. आमच्या वाटाड्याला फ्रेंच उत्तम, खेचरवाल्याला कामापुरतं, आणि ज्या घरी उतरलो तिथल्या आजींना फक्त ताशेल्हीत. अरबीसुद्धा नाही. त्यांच्याशी माझं 'अझुल' (नमस्कार), 'अमान' (पाणी) आणि 'तन्मीर्त' (आभार) यांवर भागलं, बाकी हातवारे. सप्टेंबर २०२३ चा भूकंप याच रांगेत झाला. इतक्या आत, इतक्या चढावर वसलेली गावं पाहिल्यावर मदत पोहोचायला वेळ का लागला ते समजलं. भाषासुद्धा याच दऱ्यांत टिकली असणार. जिथे रस्ता उशिरा गेला, तिथे अरबीही उशिरा गेली.

आरस्पानी
घाटवाट, हा नियम सगळीकडे लावू नका. शेफशाऊन रिफच्या डोंगरात आहे, पण तिथे तुम्हाला ताशेल्हीत नाही आणि रिफी भाषाही नाही. ते जबाला लोक, डोंगरी बोलीची अरबी बोलतात. ही रिफी भाषा, म्हणजे तारिफीत, ऐकायची तर पूर्वेला अल होसेमा, नादोरकडे जा. उलट आगादीरभोवतीचा सूस हा सखल, शेतीचा, अर्गानच्या झाडांचा मुलूख आणि तो ताशेल्हीतचा बालेकिल्ला. कासाब्लांकातली कितीतरी किराणा दुकानं सूसच्या लोकांचीच. आणि तेतुआनमध्ये म्हाताऱ्या माणसांशी मी फ्रेंचपेक्षा स्पॅनिशमध्ये जास्त बोललो. १९१२ ते १९५६ तो पट्टा स्पेनच्या ताब्यात होता.

घाटवाट
मान्य. सूस माझ्या डोक्यातून गेलंच होतं.

कोरडवाहू
तिझी न'तिश्का ओलांडून वार्झाझातला उतरलो. २,२६० मीटरचा घाट. अलीकडे उतारावर हिरवळ, झाडं. पलीकडे लाल उघडी माती आणि तिच्याच किल्लेवजा वस्त्या. महाबळेश्वराहून माणकडे निघालेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: डोंगर ढग अडवतो. पुढे द्रा नदीकाठी खजुराचे मळे, आणि ताफिलालेतमध्ये खेत्तारा, जमिनीखालून पाणी आणणारे जुने बोगदे. त्यातले बरेच आता कोरडे पडलेत. मेर्झूगाच्या वाळूत उंटवाला पोरगा स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी बोलत होता, सगळं पर्यटकांकडून उचललेलं. भारतीय म्हटल्यावर शाहरुख खान आलाच.

अक्षरओळख
रस्त्यावरच्या पाट्या कुणी पाहिल्या का? सरकारी कचेऱ्यांवर अरबी, लॅटिन आणि तिफिनाग (अमाझिग लोकांची स्वतःची लिपी) अशा तीन लिप्या. तिफिनागची गोल-चौकोनी अक्षरं २००३ साली शाळांसाठी ठरवली गेली. मी ज्या अमाझिग तरुणांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती, मेसेज ते लॅटिनमध्येच लिहितात. २०२४ च्या जनगणनेत अमाझिग बोली बोलणारे साधारण पाव हिस्सा निघाले. हा आकडा कमी दाखवलाय असं त्यांच्या संघटनांचं म्हणणं आहे.

खारंवारं
मूळ प्रश्नाबद्दल: फ्रेंच वाया जात नाही. औषधाचं दुकान, दवाखाना, बँक, घरभाड्याचा करार, सगळीकडे तीच लागते. डोंगरात जाणाऱ्यांनी आपल्या औषधांची नावं आणि ॲलर्जी फ्रेंचमध्ये लिहून खिशात ठेवावी, आणि वाटाड्या मात्र त्याच खोऱ्यातला घ्यावा.